शरदात सवय लावताना : कॅलेंडर, पेन्सिल आणि दुधाचे खाडे

भाद्रपदाच्या शेवटी पुण्यात एका दिवसात तीन ऋतू भेटतात. पहाटे पायाशी पडलेली चादर झोपेतच वर ओढून घ्यावी लागते, दुपारी दीडला पंखा पाचवर ठेवूनही सदरा पाठीला चिकटतो, आणि पाचच्या सुमारास कुठून तरी काळं आभाळ येऊन दोरीवरचे कपडे भिजवून जातं. याच दिवसांत प्रत्येकाचं काहीतरी दुखत असतं. कुणाला पित्त, कुणाचा घसा बसलेला, शेजारच्या घरात ताप. दहा दिवस मोदक रिचवून झालेले असतात आणि आरशासमोर उभं राहिलं की ‘आता जरा नीट राहायला हवं’ असं वाटायला लागतं.

तसं वाटत असेल तर पुढे वाचा. व्यायामाची, वेळेवर जेवण्या-झोपण्याची काहीच सवय नसलेल्या माणसाने या दिवसांत सुरुवात कुठून करायची, एवढंच इथे सांगतो. आधीच रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यांसाठी यात काही नाही.

मी स्वतः हे आधी चुकीचं केलं, म्हणून सांगायचा हक्क आहे असं समजतो. एका दसऱ्याला नवे बूट घेतले, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावला, थेट टेकडी चढलो, चहा बंद, साखर बंद, रात्रीचा भात बंद. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. कोजागिरीला आटवलेल्या दुधाचे तीन पेले प्यायलो आणि प्रकरण मिटलं. ते बूट पुढे वर्षभर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला कामी आले.

आधी हवा ओळखा

‘ऑटम’ म्हटलं की पिवळी पानं आणि स्वेटर डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडचा शरद तसा नाही. हा पावसाळ्यानंतरचा छोटा उन्हाळा आहे. हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे मान्सून १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघारी निघतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो. ढग गेले की ऊन थेट अंगावर येतं, जमीन मात्र अजून ओली असते. त्या ओलीची वाफ आणि वरून ऊन, दोन्ही मिळून ऑक्टोबर हीट होते. कोकणात आणि मुंबईत घामाने जीव नकोसा होतो. देशावर दुपार तापते, पण रात्र लवकर गार पडते.

आयुर्वेदाने हे फार जुन्या काळी टिपलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात ऋतूप्रमाणे कसं वागावं ते येतं. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हाने उसळतं, असं तिथलं म्हणणं. म्हणून या दिवसांत दही, तेलकट खाणं, दुपारची झोप आणि कडक ऊन टाळायला सांगितलं आहे, आणि भात, गहू, कडू-गोड चवीचं हलकं अन्न खायला. आता आयुर्वेदातलं पित्त आणि आपण ज्याला ॲसिडिटी म्हणतो ते, हे दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण ‘पडवळ खा, उन्हात फिरू नका, रात्री जड जेवू नका’ हा सल्ला कुठल्याही शास्त्राच्या माणसाला दाखवा, तो नाही म्हणणार नाही.

यातून नवशिक्याने एवढंच घ्यायचं: सकाळी नऊनंतर उन्हात घाम काढण्याच्या भानगडीत पडू नका, आणि ‘थंडी पडली की सुरू करू’ असंही म्हणू नका. थंडी पडेपर्यंत दिवाळी येते, दिवाळीनंतर लग्नं येतात.

सुरुवातीला मला सगळ्यात सोयीचा काळ वाटतो तो पितृपक्षाचा पंधरवडा. ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण बघा ना, या पंधरा दिवसांत लग्नं नाहीत, वास्तुशांती नाही, मोठी खरेदी नाही, कुणाचं आमंत्रण आलंच तर ते श्राद्धाच्या जेवणाचं. वर्षभरात इतका मोकळा पंधरवडा दुसरा मिळत नाही. नवीन सोनं घ्यायला मुहूर्त लागत असेल, एक तांब्या पाणी प्यायला लागत नाही.

पेन्सिल स्वयंपाकघरात बांधा

सगळ्यात आधीचं काम पाच मिनिटांचं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने एक पेन्सिल बांधा.

आमच्या घरी ही पेन्सिल दुधासाठी असायची. आईने दूध आलं त्या दिवसाची नोंद कधीच ठेवली नाही. नाही आलं त्या दिवशी चौकोनात बारीक फुली, म्हणजे खाडा. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तेवढे पैसे वजा करायचे, विषय संपला. एखादा खाडा झाला म्हणून कुणी दूध बंद केलं नाही.

सवयीचा हिशेब असाच ठेवायचा. केलं त्या दिवशी काही लिहायचं नाही, राहिलं त्या दिवशी फुली. मोबाइलमध्ये सलग किती दिवस झाले ते दाखवणारी ॲप मिळतात, मी दोन वापरून पाहिली. अठराव्या दिवशी आकडा शून्यावर आला की माणूस चिडून सगळंच सोडून देतो. खाड्याच्या हिशेबात शून्यावर यायची सोयच नाही. नियम एकच: लागोपाठ दोन खाडे होऊ द्यायचे नाहीत.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची एक सवय निवडली होती. ती आपोआप व्हायला लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाचा हिशेब २५४ वर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आणि व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा उशिरा मुरली. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

दुसरी गोष्ट खुंटीची. नवी सवय हवेत लटकत नाही, तिला घरात रोज होणाऱ्या कुठल्या तरी कामावर टांगावं लागतं. ‘रोज पाणी जास्त पिणार’ हे नुसतं बोलणं झालं. ‘चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत एक तांब्या पाणी’ ही सवय झाली. आधण, नळाला पाणी येण्याची वेळ, कुकरच्या शिट्ट्या, मुलांची स्कूल बस, संध्याकाळचा दिवा. तुमच्या घरात न चुकता काय होतं ते शोधा. घड्याळातल्या वेळेवर मात्र टांगू नका. घड्याळाचे साडेसहा रोज होतात, पण आपण साडेसहाला कुठे असू याचा भरवसा नसतो.

पहिला आठवडा : फक्त पाणी

पावसाळ्यात तहान कमी लागते आणि शरीराला तीच सवय लागते. ऑक्टोबरमध्ये घाम वाढतो, तरी पिणं जुन्या मापानेच चालू राहतं. दुपारी चारला डोकं चढतं ते पुष्कळदा यामुळेच.

दिवसाला साधारण दोन ते अडीच लिटर, उन्हात काम असेल तर जास्त. पण लिटर मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. किडनीचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

सकाळी आधणाबरोबर एक तांब्या, कामावर निघताना भरलेली एक लिटरची बाटली, ती घरी परत येताना रिकामी. एवढं पुरतं. पावसाळ्याच्या शेवटी नळाचं पाणी गढूळ येत असेल तर उकळून गाळून घ्या, फिल्टरचं कँडल धुऊन किती दिवस झाले तेही आठवा. दुपारी थंडच हवं असेल तर कोकम सरबत किंवा धणे-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळलेलं पाणी. कोकमात साखर बेताने घाला, नाहीतर ते कोल्ड्रिंकच.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर सरबत नको, ओआरएस. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. अंदाजाने घालू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका होतो.

दुसरा आठवडा : उठण्याची वेळ

‘रात्री दहाला झोपायचं’ हा निश्चय मी किती वेळा केला याची मोजदाद नाही. झोप आपल्या हातात नसते, उठणं असतं. म्हणून आधी उठण्याची वेळ बांधा आणि ती रविवारीही तीच ठेवा. आठवडाभर सहाला उठून रविवारी साडेनऊला उठलात तर सोमवारी शरीराला सोमवार वाटतच नाही.

शरद इथे मदतीला येतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखी होतात, पुण्यात सकाळी सव्वासहा-साडेसहाला उजाडलेलं असतं. पावसाळी ढग नसल्याने उजेडही स्वच्छ. उठल्यावर पहिली दहा मिनिटं गॅलरीत किंवा खिडकीशी काढा, मोबाइल आत ठेवून. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की रात्री झोप वेळेवर येते, हे शरीराचं घड्याळच तसं आहे.

प्रौढ माणसाला सात तास झोप हवी, त्यामुळे सहाला उठायचं तर अकराच्या आत दिवा बंद. संध्याकाळी चारनंतरचा चहा सोडता आला तर बघा. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. सहाच्या चहाशिवाय ज्यांची संध्याकाळच होत नाही त्यांनी निदान कप अर्धा करावा. आमच्या घरी हा सल्ला फेटाळला गेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

घटस्थापनेपासून : चालणं

पंधरवडाभर पाणी आणि उठणं जमलं की घट बसतील त्या दिवशी चालायला लागा. घटात धान्य पेरतो त्याच दिवशी सुरुवात, लक्षात ठेवायला सोपं.

पहिला आठवडा दहाच मिनिटं. हसू नका. घराच्या दारातून निघायचं, पाच मिनिटं एका दिशेने, मग परत. दहा मिनिटांनी ‘अजून चालावं’ असं वाटलं तरी घरी या. ती भूक उद्यासाठी राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, तिसऱ्यात वीस, चौथ्यात पंचवीस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. रोज पंचवीस मिनिटं झाली की आठवड्याला एक खाडा धरूनही १५० भरतात.

मध्यम म्हणजे किती? बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे. शेजारच्या काकांबरोबर राजकारणावर बोलत दर वीस पावलांवर थांबणं यात धरायचं नाही.

बूट जुने असले तरी चालतील, टाच झिजलेली नसावी म्हणजे झालं. चपलेवर चालू नका. टेकडीचा मोह पहिला महिनाभर आवरा. तळजाई असो की वेताळ टेकडी, पावसानंतर पायवाटेवर शेवाळ असतं, उतारावर मुरूम सुटा झालेला असतो, गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं आणि त्यात काय आहे ते दिसत नाही. माझा गुडघा उतारावरच गेला होता, चढावर नाही. सपाट रस्त्यावर महिना काढा, मग टेकडी, तीही मळलेल्या वाटेने.

मधुमेह, रक्तदाब, छातीत दुखल्याचा इतिहास असेल तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना छाती भरून आली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, घरी जाऊन सोडा प्यायचा नाही.

घामाबद्दल एक. या दिवसांत मांड्यांच्या सांध्यात, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गजकर्ण फार होतं. चालून आल्यावर घामाचे कपडे अंगावर वाळवू नका, सुती घाला, अंग कोरडं पुसा. आणि औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणू नका. तशा पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र पसरत जाते. माझ्या ओळखीत एकाचे सहा महिने असे गेले. त्वचेच्या डॉक्टरांकडे एक फेरी त्यापेक्षा स्वस्त पडते.

ताटात काय वाढायचं

खाण्यात नवशिके सगळ्यात मोठी चूक करतात ती वजाबाकीने सुरुवात करण्याची. हे बंद, ते बंद. मी उलटं सांगेन. पहिले तीन आठवडे काही बंद करू नका, फक्त दोन्ही जेवणांत एक वाटी भाजी वाढवा. दिवसाला भाजी आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम असावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण पोळीला लावायपुरती भाजी घेतो, ती ५०-६० ग्रॅमच्या वर जात नाही. एकदा वाटी काट्यावर ठेवून बघा, मला तरी धक्का बसला होता.

मंडईत या दिवसांत वेलावरच्या भाज्या असतात: पडवळ, दोडका, दुधी, घोसाळी, लाल भोपळा. घरातल्या तरुण मंडळींना यातली एकही आवडत नाही, हे मान्य. त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे. पडवळाच्या गोल चकत्या करायच्या नाहीत. उभं चिरून आतल्या बिया आणि गर चमच्याने काढायचा, मग बारीक चंद्रकोरी चिरायच्या. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवलेली. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यावर डाळ परतून झाकण ठेवायचं, झाकणावर पाणी. डाळ बोटांनी दाबली की तुटायला लागली म्हणजे पडवळ घालायचं आणि यापुढे झाकण ठेवायचं नाही. पडवळ जरा कचकचीतच राहिलं पाहिजे. वरून खोबरं, किंचित गूळ. पडवळाला नाक मुरडणारे ते झाकून शिजवलेलं, पाणी सुटलेलं पडवळ खाऊन मुरडतात. दोडक्याच्या शिरा काढल्या की फेकू नका, तीळ-खोबऱ्याबरोबर परतून चटणी होते.

पितृपक्षात भाज्या महागतात, विशेषतः गवार, भेंडी, कारली आणि अळू, कारण श्राद्धाच्या पानाला त्या लागतात. त्या पंधरवड्यात दुधी आणि भोपळ्यावर भागवा.

फळांत सीताफळ आता येतं, पुरंदरच्या बाजूचं चांगलं असतं. गोड आहे, मधुमेह असेल तर अर्धंच. पेरू, डाळिंब, मोसंबी आहेतच. आवळा जरा पुढे, दिवाळीच्या आगेमागे. फळ कापून ताटात घ्या, रस काढू नका. रसात चोथा जातो आणि साखर राहते.

रात्रीचं जेवण आठच्या आत, झोपण्याआधी निदान दोन-अडीच तास. आंबट ढेकरांचा त्रास असणाऱ्याने दुसरं काही नाही केलं तरी एवढं करावं. आठवड्यातून दोन रात्री मुगाची खिचडी आणि ताक ठेवलं तर स्वयंपाकघरातल्या माणसालाही विश्रांती मिळते. दही वर्ज्य आणि ताक चालतं, यावर घराघरांत वाद होतात, आमच्याकडेही. मी रात्री दही खात नाही, दुपारी पातळ ताक पितो आणि वादात पडत नाही.

तीन आठवड्यांनी मग वजाबाकी, तीही एकाच जागी: चहातली साखर. दिवसाला तीन कप, प्रत्येकात दीड-दोन चमचे, म्हणजे २० ते २५ ग्रॅम साखर नुसत्या चहात. वरून घातलेली सगळी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत असावी असं मानतात. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जिभेला कळतही नाही. मिठाचं दिवसाचं माप एक सपाट चहाचा चमचा, पाच ग्रॅम. पापड, लोणचं, फरसाण त्याच्याच हिशेबात येतं.

रविवारचा अर्धा तास : पाणी ओता, घासा

आरोग्याच्या सवयी म्हटलं की लोक आहार-व्यायाम म्हणतात. मला विचाराल तर ऑक्टोबरमध्ये सगळ्यात मोलाची सवय ही आहे, आणि हिला घाम गाळावा लागत नाही.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला घरातलं स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ते पाणी ओतून दिलं की साखळी तुटते. ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतात तो यासाठी.

रविवारी चहा झाला की घरभर एक फेरी मारा. कुंड्यांखालच्या ताटल्या. फ्रिजच्या मागे खाली असलेला ट्रे, जो आहे हेच अनेकांना माहीत नसतं; आमच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळताना पाहिल्या तेव्हा मलाही कळलं. एसीचं पाणी पडतं ती बादली, कूलरची टाकी, मनी प्लांटची बाटली, पाहुण्यांच्या बाथरूममधला न वापरलेला कमोड, गच्चीवरची तुटकी बादली, करवंट्या, जुना टायर. गणपतीत आणलेल्या फुलांच्या परड्या आणि थर्माकोलचे तुकडे गच्चीत टाकले असतील तर त्यातही पाणी असतं.

नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. पुन्हा पाणी पडलं की फुटतात. म्हणून आतली भिंत ब्रशने खसाखसा घासायची. पिंपाला घट्ट झाकण, नसेल तर दुहेरी सुती कापड बांधा.

हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी चांगली असली तरी डेंग्यूपासून तेवढ्याने वाचत नाही. संध्याकाळी चालायला जात असाल तर पूर्ण पँट घाला.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दोन दिवस टिकला की डॉक्टर. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणून सुटलो असं समजू नका, खरा नाजूक काळ पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार गळून जाणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

त्याच रविवारी, ऊन कडक असेल तर, गाद्या आणि गोधड्या गच्चीवर टाका. पावसाळाभर कपाटात दमटलेल्या गोधड्यांना जो वास येतो तो बुरशीचा. थंडीत त्या थेट अंगावर घेतल्या की शिंका सुरू. दोन्ही बाजूंनी ऊन द्या, नाकाला रुमाल बांधून गच्चीतच झटका, घरात नाही.

मध्ये येणारे सण

सण आले की सवय मोडणार, हे धरूनच चाला. नवरात्रात नऊ दिवस उपवास म्हणजे बहुतेकांसाठी नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा. रोज खिचडी खाऊन वजन वाढलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांत मीही. राजगिरा, रताळं, दाणे, ताक, फळं यांच्यावर भर द्या, साबुदाणा दोन-तीन दिवसच. भगर सुटी, जुनी किंवा आधीच दळलेलं पीठ घेऊ नका. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि विषबाधेच्या बातम्या नवरात्रात अनेकदा वाचायला मिळतात. पाकीटबंद घ्या, तारीख बघा, लागेल तेवढीच दळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. गोळी तीच आणि जेवण नाही, हे धोक्याचं.

कोजागिरीला जागा, दूध प्या, गाणी म्हणा. दुसऱ्या दिवशी उठायची वेळ मात्र तीच ठेवा आणि दुपारी वीस मिनिटं डोळा लावा. चरकाची माफी मागून.

दिवाळीत फराळ होणारच. मी डबा उघडून उभ्याने खायचं बंद केलं, बशीत काढून बसून खातो, एवढाच बदल. चकलीच्या डब्यासमोर उभा राहिलेला माणूस किती खातो ते त्याला स्वतःला कळत नाही. नरक चतुर्दशीला घरादाराला पहाटे उठवलेलंच असतं, अभ्यंगाआधी पंधरा मिनिटं चालून या. फटाक्यांचा धूर सुरू होण्याआधीची ती हवा छान असते. दम्याच्या माणसाने लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आणि दुसरी सकाळ घरात काढावी, पंप जवळ ठेवून.

चंपाषष्ठीपर्यंत

घटस्थापनेला चालायला लागलात तर ते ६६ दिवस मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या आसपास भरतात. आमच्याकडे चातुर्मासात वांगं बंद असतं, ते त्या दिवशी भरताने सुटतं. पहिल्या वर्षी भरीत-भाकरी झाल्यावर मी कॅलेंडरची पानं मागे उलटून चालण्याचे खाडे मोजले. एकोणीस निघाले, त्यातले सात दिवाळीच्या आठवड्यातले, ओळीने.

आई भाकरीवर लोणी घालत होती. म्हणाली, “एवढे खाडे दूधवाल्याने केले असते तर मी दूधवाला बदलला असता.”

दुसऱ्या वर्षी अकरा झाले.